शिंगराच्या पाठीवर पहिला कोण?

उमरी म्हटलं की बाहेरचा माणूस बँकेची गोष्ट काढतो. 30 जानेवारी 1948 ला स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली आणि तो पैसा निजामाविरुद्धच्या लढ्याला लावला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. ती गोष्ट मोठी, ती सांगणारेही मोठे. मी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून नोकरी केलेला माणूस. डॉक्टरसाहेब इंजेक्शन द्यायचे, मी जखमा धुऊन पट्ट्या बांधायचो. बैलाचा खांदा, म्हशीचं शिंग, शेळीचा खूर आणि घोड्याची पाठ. घोड्याची पाठ बघितली की मालक कसा आहे ते कळतं. अजून थोडं निरखलं की त्या पाठीवर पहिल्यांदा बसणारा कसा होता, तेही कळतं. मला जे सांगायचंय ते त्या पहिल्या बसणाऱ्याबद्दल.

आपल्याकडं घोड्यावर बसून लढलेल्यांचा इतिहास भरपूर आहे. घोड्यांची नावंसुद्धा लोकांना पाठ असतात. पण कुठल्याही घोड्यावर पराक्रमी माणूस बसण्याआधी कुणीतरी कमी वजनाचं, बिननावाचं पोर बसलेलं असतं. ते पडतं, उठतं, पुन्हा बसतं. मग ते जनावर माणसाला पाठ देतं आणि पुढचा इतिहास सुरू होतो. हे काम आपल्या भागात कुणी केलं, कसं केलं आणि पुढं त्याचं काय झालं, ते मी आयुष्यभर थोडं ऐकत, थोडं बघत आलोय. त्यातून एकच गोष्ट पक्की झाली. शिंगराला माणसाला पाठ द्यायला शिकवणं म्हणजे ते फेरणं. शिंगरू मायेनं फेरलं जाणार की मारून, हे फेरणाऱ्याच्या स्वभावापेक्षा घोडा कुणाच्या पैशाचा आहे आणि तो किती वर्षं टिकायला हवा, यावर जास्त ठरतं.

मुलूख तसा घोड्यांना नवा नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन देवळं आता बऱ्याच जणांनी बघितलीत. त्या कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा. बाराव्या शतकात, 1129 च्या सुमारास, त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून काही फार लांब नाही. राजानं काय खावं इथपासून हत्ती कसा धरावा इथपर्यंत सगळं त्या ग्रंथात आहे, आणि त्यात वाजिवाह्यालीविनोद नावाचं एक प्रकरण आहे: घोडे मैदानात उतरवणं, त्यांच्या चाली दाखवणं, घोड्यावरून चेंडूचा खेळ. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी इथल्या दरबारात घोडा फेरणं ही बघण्याजोगी, लिहून ठेवण्याजोगी विद्या होती. मात्र तो दरबारी घोडा. बाहेरून आणलेला, किमती. समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांवर दक्षिणेतले राजे किती पैसा ओतत आणि नीट सांभाळ न झाल्यानं त्यातले किती मरत, हे मार्को पोलोनंही लिहून ठेवलंय.

आमचा घोडा तो नव्हे. आमचं ते तट्टू. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास, पाय बारीक पण कणखर, खूर कठीण, आणि कडब्यावर, माळावरच्या कुसळावरही तग धरणारं. भीमेच्या काठावरच्या या जातीला भीमथडी म्हणतात. दख्खनचं तट्टू म्हणून इंग्रजांनी जे कौतुक केलं ते याचंच. मराठ्यांच्या फौजा ज्या वेगानं इथून तिथं जायच्या, त्यामागं हे कमी खाणारं, कमी कुरकुरणारं जनावर होतं.

शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासद बखरीत दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आहे, नाल ठोकणारा आहे, पण शिंगरू फेरणाऱ्याचा आकडा त्या हिशेबात नाही. ते काम त्यांच्यातच कुणीतरी करत असणार. चिपळूणकडच्या छावणीला महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आधीच उधळला तर पुढं घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. ज्याला घोड्याच्या चाऱ्याचा इतका हिशेब ठेवावा लागतो, त्याला शिंगरू बिघडवून चालत नाही.

बारगीर आणि शिलेदार हा फरक इथं महत्त्वाचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा मेला तर पागेत खाडा पडायचा; शिलेदाराचा मेला तर घर बसायचं. 1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, ते गाव इथून हाकेवर नसलं तरी आमच्याच मुलखातलं. तिथं उतरलेल्या कितीतरी घोड्यांची शिंगरं आधी कुणाच्या तरी दारात वाढलेली असणार. दारात वाढलेल्या शिंगराला काठीनं मोडायला कुणी धजत नाही. एक वर्ष थांबलो तर पुढची पंधरा वर्षं घोडा चालेल, हे गणित त्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या भागात हे गणित सर्वांत चांगलं कळलं ते धनगरांना. दिवाळीनंतर वाडा निघाला की बिऱ्हाड घोडीवर: पाल, काठ्या, भांडी, पाय बांधलेली कोकरं, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या सगळ्यावर एखादं लेकरू. शिंगरू आईच्या मागं मोकळं चालतं. ओढे बघतं, रस्ते बघतं, कुत्री, मेंढ्या, ट्रक बघतं. दीड-दोन वर्षांचं झालं की त्याच्या पाठीवर आधी एक घोंगडी पडते. मग एखादं कोकरू. मग लहान पोर. मोठा माणूस बसायला येतो तोवर त्या जनावरानं ओझं ही गोष्ट कधीच मान्य केलेली असते. पहिल्यांदा पाठीवर बसण्याचा वेगळा दिवस धनगराच्या घोडीच्या आयुष्यात येतच नाही. मेंढवाड्यातल्या एका बाईला मी विचारलं होतं, तुमचं शिंगरू उधळत कसं नाही? ती म्हणाली, “उधळायला त्याला कुठं वेळ हाय?” याहून नेमकं उत्तर मला पुस्तकातही सापडलं नाही.

पुस्तकातही तसं वेगळं काही नाही. ग्रीसमधला झेनोफन नावाचा सेनापती सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर लिहून गेला. त्याचं म्हणणं असं की शिंगराला भूक, तहान आणि माश्या हे सगळं एकटेपणात भेटावं, आणि खाणं, पाणी, माश्यांपासून सुटका माणसाकडून मिळावी. जिथं त्याला आवडतं तिथं चोळावं, गर्दीतून फिरवावं, आणि रागात असताना त्याच्याजवळ जाऊ नये. स्वतः शिंगरू फेरत बसू नका, जाणत्याकडं द्या, आणि देताना त्याला काय काय यायला हवं ते लिहून घ्या, असाही सल्ला त्यानं दिलाय. आमच्या मेंढवाड्यातल्या बाईनं झेनोफन वाचला नव्हता. तिला फक्त पुढच्या मुक्कामाला वेळेत पोचायचं होतं.

गावातल्या घोड्याची पद्धत वेगळी, कारण गावातलं शिंगरू दावणीला असतं. त्याला जग दाखवावं लागतं. ते काम करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणायचे. मी लहान असताना उमरी स्टेशनासमोर टांगे उभे राहायचे. त्यातला एक टांगा आमच्या गल्लीतल्या चाचांचा. चाचा तरुणपणी एका जहागीरदाराच्या पागेत चाबूकस्वार होते. 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी गेल्या, पागा मोडल्या, घोडे विकले गेले, आणि फेरणारे हात टांग्याच्या लगामाला लागले. तरी कुणाचं शिंगरू फेरायचं असलं की आजूबाजूच्या गावांतली माणसं चाचांकडंच यायची. आणि चाचांना वजनानं हलकं पोर लागायचं. ते पोर मी होतो.

हलकंच पोर का, हे मला पुढं दवाखान्यात आल्यावर उमगलं. आमचं तट्टू अडीचशे किलोच्या आत-बाहेर. घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं ओझं सुखानं न्यावं, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे पूर्ण वाढलेल्या तट्टालाही पन्नास किलोंच्या आसपासच. दोन-अडीच वर्षांच्या शिंगराला त्याहून कमी. त्याच्या पायांची हाडं आधी पक्की होतात. पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाच वर्षांच्या पुढं. तोंड उघडून दात बघणारा अडीच वर्षांना पुढचे दोन पक्के दात बघतो, साडेतीनला चार, साडेचारला सहा, आणि पाचला तोंड पूर्ण जुळलं म्हणतो. पाठीचं तोंड कुणाला उघडून बघता येत नाही, म्हणून तिथंच घाई होते.

चाचांची रीत अशी. फाल्गुनात रानं मोकळी झाली की शिंगरू काळ्या नांगरटीत न्यायचं. ढेकळांत जनावराला उड्या मारायला जड जातं, आणि पोर पडलंच तर हाडं शाबूत राहतात. लांब दोरावर त्याला गोल फिरवायचं, काव्यावर धरायचं. डावीकडून जितक्या फेऱ्या, तितक्याच उजवीकडून. “एका हाताचा घोडा अर्धा घोडा,” असं चाचा म्हणायचे. या गोल फिरण्यात शिंगरू आवाज शिकतं. थांब म्हटल्यावर थांबणं, चल म्हटल्यावर चालणं, हे पाठीवर कुणी बसायच्या आधीच यायला हवं. नाहीतर वर बसलेल्याच्या हातात लगामाशिवाय काही उरत नाही, आणि मग तो लगामच ओढत बसतो.

मग घोंगडी. आधी ती जमिनीवर टाकून शिंगराला हुंगू द्यायची. मग मानेवर घासायची, पाठीवर ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. मुद्दाम घसरू द्यायची. पाठीवरून काही पडलं तरी जग बुडत नाही, हे त्याला कळायला हवं. त्यानंतर तंग. सगळ्यात जास्त गडबड इथं होते. पोटाला पहिल्यांदा पट्टा आवळला की शिंगराला कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. अडाणी माणूस तंग एकदम खेचतो, शिंगरू फुटतं आणि खोगिराचं वैर जन्मभराचं होतं. चाचा पट्टा नुसता लावून सोडून द्यायचे, थोडं चालवायचे, मग एक भोक वर. पुन्हा चालवायचे, पुन्हा एक भोक. लगामाच्या कडीला चिंधी गुंडाळून वर गूळ चोपडायचा आणि ती तोंडात असतानाच समोर कडबा टाकायचा. कडी तोंडात असली तरी चावता येतं, गिळता येतं, हे एकदा समजलं की दात आवळणं संपतं.

आणि मग माझी पाळी. चाचा शिंगराच्या डाव्या बाजूला, डोक्याशी. मी त्यांच्या शेजारी उभा राहून आधी नुसत्या उड्या मारायच्या, जागच्या जागी. शिंगरानं कान मागं केले की थांबायचं, कान पुढं आले की पुन्हा. मग चाचा माझा गुडघा हातावर घेऊन मला वर लोटायचे आणि मी पोत्यासारखा पोटावर आडवा पडायचो. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. तसंच पडून राहायचं. हातानं त्याची पलीकडची बरगडी चोळायची. शिंगरू ताठ होतं, श्वास धरतं. पोटाखाली ते सगळं कळतं. मग एक मोठा फुरफुराट येतो, मान खाली जाते, ओठ हलायला लागतात. “हल्लू, बेटा, हल्लू,” हे चाचा मला म्हणायचे की त्याला, ते मला कधी कळलं नाही. तो फुरफुराट आला की मला लगेच खाली उतरवायचे. शिंगरू निवांत झालं त्या क्षणी ओझं गेलं पाहिजे. ते घाबरलेलं असताना उतरलो तर घाबरल्यावर माणूस उतरतो, असं ते शिकतं.

पाय पलीकडं टाकायचा दिवस नंतरचा. पाय टाकल्यावरही ताठ बसायचं नाही. मानेवर वाकून, आयाळ धरून, टाचा बरगड्यांपासून लांब ठेवून. हळूहळू पाठ सरळ करायची. याचं कारण घोड्याच्या डोळ्यांत आहे. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळं त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं आणि पाठीवरचं दिसत नाही. वर एकदम कुणी ताठ झालं की ते दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकाच वेळी उगवतं. ज्या जनावराच्या पूर्वजांवर वाघ-बिबट्यांनी पाठीवरच झेप घेतली, त्याला याचा अर्थ एकच लागतो. ते उधळलं तर तो खोडसाळपणा नसतो. चाचांना उत्क्रांती ठाऊक नव्हती, पण त्यांचा नियम अचूक होता: आधी वाकून बस, मग हळूच मोठा हो. चाचा शिंगराला काही पावलं चालवायचे, मला उतरवायचे, तंग ढिला करायचे, आणि त्या दिवसाचं काम संपलं. बघायला जमलेल्या पोरांची निराशा व्हायची. उड्या नाहीत, पडापड नाही. चाचांच्या लेखी गंमत झाली याचा अर्थ कुठंतरी घाई झाली.

ही रीत जहागीरदाराच्या पागेतून आली होती, आणि तिथं ती टिकली होती कारण घोडा वर्षानुवर्षं त्याच दारात राहणार होता. संस्थानात तेव्हा घोड्यावर फिरणारे पुष्कळ होते. तहसीलदाराचा दौरा, गिरदावराची रानपाहणी, पोलिसांचा अमीन, देशमुख, पाटील, बाजारकरी व्यापारी. उमरीतून हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडाशी धावू लागली, कापूस गाडीनं जाऊ लागला, तरी स्टेशनापासून खेड्यापर्यंतचं अंतर घोड्याचंच राहिलं. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक रुततं, तट्टू रुतत नाही.

फौजेनं मात्र त्या आधीच तट्टाकडं पाठ फिरवली होती. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या मुलखातली इंग्रज अधिकाऱ्यांखालची फौज. तिच्या घोडदळाची छावणी आमच्या शेजारी अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, होती. कंटिंजंटचं एक ठाणं हिंगोलीलाही होतं. तिथं सुरुवातीला शिलेदारीच चालायची. स्वार आपला घोडा घेऊन यायचा किंवा घोड्यापोटी पैसे भरायचा. पण साहेबाला उंच घोडा हवा होता. ऑस्ट्रेलियातून वेलर जहाजानं यायला लागले आणि दख्खनचं तट्टू फौजेच्या लेखी खेचराच्या पंगतीत गेलं. 1790 साली निजामाच्या मुलखात उभी राहिलेली आणि पुढं डेक्कन हॉर्स म्हणून नावाजलेली घोडदळाची पलटण 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले घेऊन धावली. नावात डेक्कन होतं. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धतच बंद झाली. घोडा सरकारी झाला, फेरणं डेपोचं झालं. खेड्यातल्या माणसाला चांगलं शिंगरू वाढवून फौजेत विकण्याची वाट बंद झाली.

पुढचं सगळं आपल्या डोळ्यांसमोरचं. निजामाच्या रेल्वे आणि रस्ते खात्यानं 1932 मध्ये बस सुरू केल्या, मग एसटी आली, मग मोटारसायकल आणि ऑटो. चाचांचा टांगा गेला. चाचाही गेले. घोडा उरला तो वरातीत आणि जत्रेत.

जत्रा म्हणजे माळेगावची. लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाचं ठाणं. मार्गशीर्षात देवस्वारी निघते, येळकोटाचा गजर होतो. खंडोबा स्वतःच घोड्यावरचा देव, त्यामुळं त्याच्या दारात घोड्यांचा बाजार भरावा यात नवल नाही. लाल कंधारी वळू, उंट, गाढवं आणि घोडे. पंजाबचे नुकरे, मारवाडी, काठेवाडी, अबलख, पंचकल्याणी. दात बघतात, भोवरे बघतात, देवमण आहे का बघतात, चाल बघतात, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. बघ्यांची गर्दी मात्र जिथं हलगीवर घोडा नाचवतात तिथं. खाटेवर चढून नाचणारा घोडा असेल तर मोबाइल धरायला हात पुरत नाहीत.

माझ्या दवाखान्यातल्या कामाची गाठ इथं बसते. मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, अडीच वर्षांचं जनावर माळेगावात विकलं जातं. घेणाऱ्यानं कर्ज काढलेलं असतं. चैत्र-वैशाखात लग्नसराई. मधल्या चार-पाच महिन्यांत त्या जनावरानं नवरदेव पाठीवर घेऊन बँड, फटाके आणि डीजेसमोर नाचलं पाहिजे, नाहीतर हप्ता जात नाही. नवरदेव सत्तर-ऐंशी किलोंचा, घोड्यावर जन्मात न बसलेला, आणि मागं कडेवर एखादं पोरगं. चाचांच्या रीतीला या वेळापत्रकात जागाच नाही. मग काटेरी लगाम येतो, पाय बांधून ताल शिकवणं येतं. काटेरी लगामावर 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. नियम आहे, लगामही आहे. माझ्याकडं यायची ती जबड्याच्या कोपऱ्याशी फाटलेली तोंडं आणि मानेच्या मुळाशी, उंचवट्यावर, लागलेल्या पाठी. जखम भरली की तिथं केस पांढरे येतात, ते कायमचे. काळ्याभोर घोड्याच्या पाठीवर असे पांढरे ठिपके दिसले की गिऱ्हाईक ते लक्षण समजतं. ते लक्षण नव्हे. कुणीतरी घाई केल्याची ती खूण असते.

घोडेवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, मी देत नाही. त्याचं जनावर वरातीपुरतं आहे. दोन-तीन हंगाम काढून तो ते पुढच्या जत्रेत विकतो. त्याच्याकडं थांबण्याइतका वेळ नाही आणि थांबण्याचं फळही त्याला मिळत नाही. ते फळ पुढच्या मालकाला मिळतं. शिलेदाराच्या काळात फेरणारा, वाढवणारा आणि बसणारा एकाच घरातले होते. आता तिघं तीन गावचे.

घोडा वापरापलीकडं ठेवला की काय होतं, तेही आमच्याच जिल्ह्यात बघायला मिळतं. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याचा वंश म्हणून जपलेले घोडे आहेत. दसऱ्याला, होळीला हल्लाबोलच्या मिरवणुकीत ते सजून पुढं चालतात आणि त्यांच्या पाठीवर कुणी बसत नाही. मागं निहंग शिखांचे घोडे भरधाव सुटतात, हातात भाले, आणि ते घोडे उत्तम फेरलेले असतात. निहंगाचा घोडा त्याच्या जथ्याबरोबर राहतो, वर्षानुवर्षं. इथंही माझं तेच जुनं गणित जुळतं.

2024 च्या सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी वगैरेंच्या पंक्तीत हा आठवा. इतक्या लढाया केलेल्या घोड्याला सरकारी कागदावर जागा मिळाली, आणि ती जात आजवर राखली ती बहुतांशी धनगरांनी, कुठल्याही पागेनं नव्हे. आता त्यावर योजना येतील, प्रदर्शनं भरतील, उंची-रुंदीची मापं घेतली जातील. घोड्याची नोंद झाली ते उत्तम. फेरण्याची रीतही कुणीतरी लिहून घ्यावी, कारण ती वाड्यावाड्यांवर चालत्या माणसांच्या हातात आहे, आणि ती माणसं आता मेंढरं विकून शहराकडं निघालीत. रंग आणि उंची रक्तातून उतरते. माणसाला पाठ देणं प्रत्येक शिंगराला नव्यानंच शिकवावं लागतं.

माझ्याकडं अजून कुणी कुणी सल्ला विचारायला येतात. घोडा घ्यायचाय, काय बघू? दात, खूर, डोळे, श्वास हे डॉक्टर सांगतील. मी सांगतो, विकणाऱ्याला एवढंच विचारा, याच्यावर पहिल्यांदा कोण बसलं होतं आणि तेव्हा याचं वय काय होतं? ज्याला उत्तर येतं, नाव घेऊन येतं, त्याच्याशी भावाची फार घासाघीस करू नका. ज्याला येत नाही, त्यानं निम्म्या किमतीत दिला तरी खोगीर काढून पाठ बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घालू नका.